प्रेमिलाकाकूच्या चाकूची शेपटी

प्रेमिलाकाकू पिशवीत चाकू घेऊन हिंडते आणि कोणाचा तरी नंबर लागणार आहे, अशी बातमी आमच्या गल्लीत फिरली. काकांनी आठवडाभर भाजीला नाव ठेवलं नाही.

पिशवीत चाकू होता हे खरं. पण त्याला मूठच नव्हती.

काकू धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या मेसमध्ये भाजी चिरते. एकदा कांदे चिरता चिरता विकतच्या चाकूची मूठ उडाली आणि थेट वरणाच्या गंजात पडली. तेव्हापासून तिनं हट्टच धरला, चाकू आपल्या हातचाच पाहिजे. दर रविवारी सावनेर रोडवर नत्थूजी लोहारांच्या भट्टीपाशी जाऊन बसायला लागली.

पातं जमलं. अडलं मुठीत. पात्याची मागची शेपटी संत्र्याच्या लाकडाच्या मुठीत लपवायची आणि वितळलेल्या लाखेनं पक्की करायची. काकूनं मुठीचं भोक लाखेनं काठोकाठ भरलं, शेपटी आत दाबली, अन् मुठीनं ती हळूच परत बाहेर ढकलली.

"थुंकली ना," नत्थूजी म्हणाले. "हवा कुठून जाईन, बाई? तोंड गच्च भरल्यावर तुम्ही तरी गिळान का?"

मी काकूसोबत गेले होते. हे सगळं मी गल्लीत येऊन करून दाखवलं. नत्थूजींचा नाकातला आवाज, काकूचं "असी कसी थुंकते गा भाऊ". सगळे हसले. मागं काकू उभी होती.

"आता मूठ सुटली तर नत्थूजी मले भट्टीजवळ येऊ देत नाही," ती म्हणाली. "लावतं का पैज?"

"सुटनच," मी म्हटलं.

"नाही सुटली तर माहा आवाज काढणं बंद. अन् तुहा मी काढीन."

या खेपेला तिनं शेपटीला कानशीनं खाचा पाडल्या, म्हणजे हवा निघेल आणि लाख धरून बसेल. लाखही बेतानं ओतली. रविवारी नत्थूजींनी चाकू बाभळीच्या ओंडक्यात रुतवला आणि मलाच म्हणाले, "ओढ वं पोरी, मूठ धरून."

मी जीव खाऊन ओढलं. ओंडकाच उचलला गेला.

"ठेव वं प्रीती," काकू म्हणाली, "लाकूड कायले नेतं घरी? आपल्याकडं गॅस आहे."

नत्थूजींनी पुढच्या चाकूसाठी लोखंडाची नवी पट्टी तिच्यापुढं सरकवली.

आता गल्लीत मी गप्प असते. काकू नाक वर करून म्हणते, "सुटनच." लोक म्हणतात, प्रीतीपेक्षा बरं जमते.