फळ्याचा फोटो आणि सरलाकाकूंचे प्रश्न

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कॉलेजात गुणवंता कामडी सव्वीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवत होते. रोज पांढुर्ण्याहून बसने यायचे, खिशात रंगीत खडूंची डबी. त्यांनी खोडाचा आडवा छेद फळ्यावर काढायला घेतला की वर्ग चिडीचूप व्हायचा. एकेक पेशी अशी कोरून काढायचे, की पोरं लिहायचं विसरून बघत राहायची.

अलीकडे मात्र आकृती पूर्ण झाली की पाच-सहा फोन वर यायचे, फोटो निघायचे आणि वह्या मिटलेल्याच राहायच्या. ते सरांच्या जिवाला लागलं होतं. एका सोमवारी फोन वर येताच त्यांनी डस्टर उचललं आणि अर्धा फळा पुसून टाकला.

"सर, पुसू नका ना!" रामाकोना गावची केतकी उभीच राहिली. एरवी वर्गात तिचा आवाजही ऐकू यायचा नाही.

"काहून? हात नाई तुले? काढ वहीत."

"मी काढली सर. फोटो माह्यासाठी नाई, सायलीसाठी हाय."

सायली तिची मैत्रीण. कॉलेजात नाव होतं, पण लग्न झालं, बाळ झालं, आणि ती बोरगावच्या एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागली. अशा अकरा मुली होत्या. कोणी कारखान्यात अडकलेली, कोणी संत्र्याच्या तोडणीत. केतकीचा फोटो त्या सगळ्यांकडे जायचा.

सरांनी तिचा फोन बघायला मागितला. सायलीने फोटोवरून काढलेली आकृती त्यात होती. रेषा सुरेख, नावं मात्र सगळी चुकलेली. सालीच्या जागी लाकूड, लाकडाच्या जागी गाभा. पोरीनं जीव ओतला होता, पण तिला समजावून सांगणारं कोणीच नव्हतं. सरांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पुसलेला भाग पुन्हा काढला आणि म्हणाले, "घे फोटो. नीट घे."

घरी त्यांनी या मुलींसाठी व्हिडिओ करायचं मनावर घेतलं आणि केतकीला तसं कळवलं. लगेच तिचा निरोप आला की व्हिडिओ नको, सर. पोरींचे हात कामात असतात, पाहता येत नाही. बसमध्ये, चुलीपाशी ऐकता तेवढं येतं.

मग सरांनी नुसता आवाज भरायला घेतला. शुद्ध हिंदीत सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकले. समोर कोणी नसताना बोलायचं कसं? चार वेळा तेच झालं. त्यांची बायको सरला भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"मी बसू काय समोर? मले सांगा."

"तुले?"

"मंग कोनाले सांगून राहिले तुमी, भिताडाले?"

सर हसले आणि तिच्याकडे बघून सांगू लागले. हिंदी कधी सुटली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सरला आठवीपर्यंत शिकलेली, पण संत्र्याच्या बागेत वाढलेली. मध्येच तिनं अडवलं, "थांबा. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधते. मंग जंबेरी अन् संत्रा एकमेकाले चिकटते कसे?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. "साल उचलली का खाली ओलं, बुळबुळीत लागते नं?" सर म्हणाले. "तो वाढनारा थर. पुस्तकात त्याले 'एधा' म्हनते. दोघांची एधा भिडली का डोळा जीव धरते."

भरलेल्या आवाजातून तिचा प्रश्न कापायचा कसा, ते सरांना येत नव्हतं. तसंच केतकीकडे पाठवून दिलं. सायलीचं उत्तर आलं, "सर, काकूले अजून इचारू द्या. मले जे इचारा वाटते, तेच त्या इचारते."

मग रोजचाच परिपाठ झाला. संध्याकाळी भाजी, खोडं, मुळं, पानं आणि काकूंचे प्रश्न.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सायली बाळाला कडेवर घेऊन आली. सासूबाई आजारी असल्याचं तिनं आदल्या दिवशीच कळवलं होतं. बाळाला सांभाळायला म्हणून सर सरलाला घेऊन आले होते. व्हरांड्यात बसलेल्या सरलानं हात पुढे केले, "ये वं माह्या जवळ, ये."

ओळखीचा आवाज ऐकून सायली थबकली. "काकू, तुमीच होय ना?" तिनं वाकून पायाला हात लावला आणि बाळाला त्यांच्या मांडीवर देऊन आत गेली. त्या अकरा जणींपैकी त्या दिवशी नऊ आल्या होत्या.

सगळ्या गेल्यावर प्रयोगशाळा रिकामी झाली. सायलीनं केलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली तसाच होता. सर दारात आले. "सरला, ये. पाह्यते काय?"

इतक्या वर्षांत सरलानं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आधी तिनं चुकीचा डोळा मिटला. सरांनी हळूच तिचं डोकं वळवलं, फोकसची चकती फिरवली.

ती बराच वेळ वाकून राहिली. "अवं बाई," ती शेवटी म्हणाली, "किती जागच्या जागी बसवलं हाय सारं."

"दिसली एधा?"

"बोलू नका जरा," सरला म्हणाली. "पाहून राहिली मी."