पंधरा जूनपर्यंतची मुलं

खाडीकाठच्या उपकेंद्रात आग्नेस फर्नांडिस एकतीस वर्षं परिचारिका होत्या. गाव त्यांना नर्सबाय म्हणे, आणि निवृत्तीला अठरा वर्षं होऊन गेली तरी म्हणतो. त्यांच्या हातून अकराशे बारा मुलं जन्मली. प्रत्येकाची नोंद त्यांच्या स्वतःच्या वहीत आहे. रोज सकाळी त्या वही उघडतात, त्या तारखेला जन्मलेल्यांची नावं वाचतात आणि त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणतात. त्यांतल्या मेलेल्यांसाठी वेगळी म्हणतात.

सरकारी रजिस्टर निराळं होतं. शाळेत घालायचं तर एक जूनपर्यंत वय पुरं लागे. जूनमध्ये जन्मलेल्या मुलाचं वर्ष फुकट जाई, म्हणून बाळंतीण सावध झाली की पाण्याच्या आधी मेमधली तारीख मागून घेई. नर्सबायनी नियम ठरवून टाकला. पंधरा जूनपर्यंतचं मूल बरोबर पंधरा दिवस मागे न्यायचं, म्हणजे ते मेमध्ये बसतं. सोळा तारखेपासून पुढे जे असेल ते असेल. या नियमाला त्यांनी एकदाही अपवाद केला नाही, त्यामुळे आपण नियमाने वागतो अशी त्यांची समजूत होती. खरी तारीख त्या आपल्या वहीत लिहीत. शाळेला कुठलीही तारीख चालते, देवाला चालत नाही.

पुढे रजिस्टरं संगणकात चढली. जुन्या प्रती एका गळक्या खोलीत भिजल्या. आता त्यांची गरज नव्हती, म्हणून कोणी त्या वाळवल्या नाहीत. मग एका सोमवारी जन्मनोंदीचं कार्यालय उघडलं तर पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती. सगळं दप्तर आम्ही कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी तर खंडणी पाठवा. खंडणी ज्या नाण्यांत मागितली होती ती तालुक्यात कोणी पाहिलेली नव्हती. वरून माणसं आली, वायर काढून ठेवून परत गेली.

दाखल्याच्या रांगेत नर्मदाकाकी उभ्या होत्या. "कोण रे तो कुलूप घालणारो?" त्यांनी विचारलं.

"परदेशातलो कोणतरी," कारकून अजय म्हणाला.

"आणि तो माझ्या झिलाच्या जन्माचो दाखलो घेवन काय करतलो? त्येका हयसर कोण इचारणा नाय."

रांगेत रियाही होती. तिला मस्कतच्या शाळेत नोकरी मिळाली होती आणि शाळेला महिनाअखेरपर्यंत शिक्क्याचा जन्मदाखला हवा होता. पंधरा दिवसांनी कार्यालयात पत्र आलं: जिथे नोंद गेली आहे तिथे प्रसूती करणाऱ्या परिचारिकेची वही आणि तिचं शपथपत्र पुरावा म्हणून धरावं.

पत्राची बातमी कळताच रियाची आई सुगंधा अजयच्या आधी नर्सबायच्या ओटीवर आली.

"बाय, ती वही भायर काढू नकात. माझ्या चेडवाचे सगळे कागद एकोणतीस मेचे. वयेत काय आसा ता तुमका ठावक आणि माका."

"माका नाय ठावक," मागे उभी असलेली रिया म्हणाली.

नर्सबायनी वही उघडलीसुद्धा नाही. "तेरा जून. सांत आंतोनचा फेस्त. दुपारी, भरती उतरून सुकती लागताना."

रियाने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी पंधरा दिवस ल्हान?"

"ल्हान म्हणान ते पगार कमी करूचे नाय," सुगंधा म्हणाली. "पण कागद जुळले नाय तर बोलावचेच नाय."

अजय दुसऱ्या दिवशी आला. वही त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. लपवणं त्यांना जमलं नसतं. जूनच्या पानांवर तो बराच वेळ थांबला. तो स्वतः सोळा जूनचा.

"हे सगळे माझ्या फुडल्या वर्गात होते," तो म्हणाला. "सगळ्यांचे वाढदिवस मेच्या शेवटाक. माका वाटायचा, तेव्हा पोरां बरीच होत असतली."

नर्सबायनी सोळा तारखेचं पान त्याच्यापुढे उलटलं.

"एक दिस, बाय."

"सोळा आत सोडलो तर सतरा येता. मगे अठरा."

"माझा वरस गेला."

"गेला. तुझी आवस पाय धरी होती. मी आयकूक नाय."

अजयने पेनाचं टोपण काढलं आणि कार्यालयातलं मराठी बोलू लागला. "वहीतली तारीख आणि तुमची शपथ, दोन्ही जुळायला हवं. रियाची कोणती लिहू?"

पूर्वी त्यांनी फक्त एक रकाना भरला होता. आता शपथ होती, आणि ती त्यांच्या नावाने होती. शपथेवर खोटं बोलण्याला त्यांच्या धर्मात काय म्हणतात ते त्यांना पाठ होतं.

"एकोणतीस मे," त्या म्हणाल्या.

"आणि वही?"

"दुसरी लिहितंय."

तीन आठवडे त्या नवी वही लिहीत बसल्या. एकेचाळीस मुलं पंधरा पंधरा दिवस मागे नेली. रियाचं पान आधी लिहिलं, त्यावर तिचा दाखला निघाला आणि ती विमानात बसली. अजय संध्याकाळी कार्यालयातून येई, समोर बसून नावं वाचे. सोळा जूनवर आल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"तुझी मागे नेव?" त्यांनी विचारलं. "एका दिसान काय होवचा नाय."

अजयने विचार केला. शाळा, नोकरी, बायकोच्या रेशनकार्डावरचं त्याचं नाव.

"आता नको," तो म्हणाला. "माझे सगळे कागद सोळाचेच आसत."

त्यांनी सोळा लिहिलं. अजयने वही कार्यालयात नेली आणि पहिल्या पानावर शिक्का मारला: मूळ नोंदवही.