उसाचं कांडं

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या शिरड शहापुरात पोरगी बघायला आलेले पाहुणे तिचं चालणं बघायचे, केस बघायचे, अन् उसाचे दिवस असले की हातात कांडं द्यायचे. दातानं सोल म्हणायचे. हिरड्या कच्च्या असल्या की पांढऱ्या उसावर रक्त दिसायचं. माझ्या पहिल्या पाहुण्यांना ते दिसलं. गूळपाणीसुद्धा न घेता उठून गेले मेले.

लगोलग सेनगावच्या बिजवराचा निरोप आला. त्याची थोरली लेक माझ्याएवढी. वडील म्हणाले, "अजून एक ठिकाण बघू. तिथंबी मोडलं तर सेनगावला देऊन टाकू." देऊन टाकू म्हणे. मी काय दावणीची शेळी होते?

मी रोज कोळसा अन् खडेमीठ कुटून बोटानं करकरा दात घासायची. रक्त आलं की आई म्हणायची, "घाण रगत हाय, जाऊंदे, अजून घास." ती स्वतः दिवसभर मिश्री लावायची, तिचे पुढचे दात हलायचे, पण हुकूम मला.

शेजारी कापूस पिंजणाऱ्याची बायको राहायची, तिला आमी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. एक दिवस आडावर तिनं माझा हात धरला. "पोरी, दात हायेत का तवा? काहून खरवडून राहिली?" तिनं कोळसा फेकायला लावला. सकाळी बाभळीची कोवळी काडी चावून तिचा मऊ कुंचा करायचा, हलक्या हातानं फिरवायचा. खाल्लं की चूळ भरायची. निजताना करडीच्या तेलात हळद-मीठ कालवून हिरड्या चोळायच्या. आईनं नाक मुरडलं.

काडी फेकायच्या आधी मी तिचं टोक बघायची. रोज लाल दिसायचं. हळूहळू लाली फिकी झाली, पण पुरती गेली न्हाई. तोच वसमतच्या पाहुण्यांचा सांगावा आला, उद्या येतो.

नवरामुलगा, त्याचे वडील अन् आत्या आले. सत्ता सगळी आत्याबाईंची. त्यांनी मला चालवलं, वळवलं, अन् पिशवीतून उसाची दोन कांडी काढली. बाईनं घरूनच आणली होती. एक माझ्या हातात दिलं. "सोल, पोरी."

माझे वडील भुईकडं बघत होते. मी साल दातात धरून ओढलं. हिरडीत कळ गेली. जिभेवर खारट लागतंय का ते चाचपलं अन् कांडं पुढं केलं. पांढरं होतं. आत्याबाईंनी ते उजेडात नेऊन फिरवून फिरवून बघितलं. तरी म्हणाल्या, "दुसरंबी सोल."

तिथं माझं डोकं सणकलं. सेनगाव डोळ्यापुढं होतं, तरी सणकलं. दुसरं कांडं मी उचललं अन् नवरामुलापुढं धरलं. म्हणलं, "पाहुण्यांनीबी घ्यावं."

पाहुणचाराला न्हाई कसं म्हणणार? त्यानं आत्याकडं बघितलं अन् दात लावला. पहिल्याच ओढीला पांढऱ्यावर लाल रेघ उमटली.

माझ्या वडलांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, आपल्या हातानं सेनगावची वाट धरली.

आत्याबाईंनी त्याच्या हातातलं कांडं काढून घेतलं, पदराखाली झाकलं अन् वडलांना म्हणाल्या, "मुहूर्त काढा. पण ह्या उसाचं कुठं बोलायचं न्हाई."

आमचे हे जित्ते होते तोवर मी बोलले न्हाई.