वाळूच्या पोत्यावरची पारख

पोलिसांच्या शस्त्रागारात हयात घालवलेल्या आनंदराजमामांनी भाचीच्या, लुंबिनीच्या नेमबाजीसाठी लातूरच्या रेंजवर पॉइंट टू-टूची दोन पिस्तुलं पारखली. वाळूच्या पोत्यावर टेकवून दोन्ही झाडली. जड पिस्तुलाच्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या, हलक्याच्या जरा विखुरल्या. मामांनी छातीठोकपणे जड घेतलं.

स्पर्धेत मात्र एकच हात लांब करून नेम धरायचा असतो. शेवटच्या गोळ्यांना लुंबिनीचं मनगट थरथरायचं. मामा डाफरायचे, "सराव कमी पडून राहिला तुझा!" शेवटी तिनं नेमबाजीच सोडली.

पिस्तूल तिच्या हाताला जड होतं, हे मामांना उशिरा उमगलं आणि चुटपूट लागून राहिली. परवा ती नांदेडला त्यांच्या घरी आली तेव्हा न राहवून त्यांनी विचारलं, "जड होतं, तर बोलली का न्हाईस, पोरी?"

"मामा, तुम्ही पोत्याला विचारलं. मला कुठं विचारलं?"