रजिया सिस्टर वर्गात बाळंत होतात

अक्कलकुव्याच्या वर्गात रजिया सिस्टर आजवर नऊशे वेळा तरी बाळंत झाल्या असतील! जुळं तीनदा, पायाळूची तर मोजदादच नाही.

विसरवाडीच्या चौफुलीवर त्यांचे अब्बा, सत्तारभाई, ट्रकचे पंक्चर काढायचे. त्या दुकानातली जुनी ट्यूब कापून सिस्टरनी बाळ केलं, पोटात कापूस कोंबला, सायकलच्या ट्यूबची नाळ लावली आणि डोंगरातल्या दायांना शिकवायला बसल्या. बसल्या कसल्या, आडव्याच झाल्या! पुस्तक नाही, फळा नाही. सिस्टर जमिनीवर कण्हतायत आणि बारा दाया भोवती. असं शिकवणारं तालुक्यात आधी कुणी नव्हतंच.

सोळा वर्षं हे चाललं, आणि मग तपासणी आली. दायांना उत्तरं आली नाहीत तर वर्ग बंद.

तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं सुरू केलं, "प्रसूतीपश्चात रक्तस्रावाची लक्षणे क्रमाने सांगा."

पहिला नंबर मोलगीच्या कमलीबाईचा. तिच्या हातांवर दोनशे बाळंतपणं झालेली, पण ती घरी भिली भाषा बोलायची. हे मराठी शाळेतलं, आणि शाळेची पायरी ती कधी चढलीच नव्हती. पदर चावत ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

"येत नाही?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

पेन कागदाला टेकलं की सोळा वर्षं पाण्यात! सिस्टर धप्पकन जमिनीवर, दायांना कळणाऱ्या अहिराणीत ओरडत.

"माय वं! मरनू वं माय! रगत थांबी नई ऱ्हायनं!"

कमलीबाईने पदर खोचला आणि झेपच घेतली.

"किती फडकी भिजली? तीन? लई झालं!" तिचे हात सिस्टरच्या ओटीपोटावर. "लोण्यासारखं मऊ लागतंय. चोळा, दगडासारखं झालं पाहिजे! पोर छातीला लाव! पाय वर!" ट्यूबचं बाळ हातोहात पुढे आलं. मग ती गर्रकन साहेबांकडे वळली. डोंगरात सगळ्यांनाच 'तू', साहेब असो की सासरा. "अन् तू रे! नवरा ना हिचा? खांबासारखा उभा काय? गाडी बोलव! पळ!"

साहेबांनी मोबाइल काढला आणि खरंच लावला!

"हॅलो, एकशेआठ? बाई... रक्त... लवकर या हो!"

बाराव्या मिनिटाला भोंगा. ड्रायव्हर मिथुन स्ट्रेचर घेऊन आत. "पेशंट कुठंय?"

सिस्टर दुपट्टा झटकत उठल्या. "मीच शे भाऊ. बरी व्हयनू."

"खोटा फोन? कोणी केला?"

साहेबांचं तोंड वांग्यासारखं जांभळं.

"त्याला नको ओरडू," कमलीबाई म्हणाली. "नवऱ्यांत हा हुशार शे. आमच्याकडचे आधी चार जणांना विचारत बसतात."

मिथुनसकट सगळे खो खो हसले. मिथुन गाडी घेऊन निघाला. साहेबांनी कागद ओढला. "कमलीबाई, उत्तीर्ण."

"आणि बाकीच्या अकरा?" सिस्टरनी विचारलं.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं, चष्माही काढला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "घ्या. या वेळी फोन नुसता कानाला लावतो."

सिस्टरनी डोळे मिटले.

"माय वं!"