शेवंताक्काच्या शिरेतली गाठ

मी आयुष्यभर भूमिती शिकवली. सिद्ध होत नाही ते मानायचं नाही, असं मुलांना सांगत आलो. कुणाच्या अंगात आल्याचा विषय निघाला की मी उठून जायचो... त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण आता वय झालंय, आणि घरात हे सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

गोष्ट तिसाच्या दशकातली. आम्ही रत्नागिरीजवळ भाट्याला राहायचो – आई, मी आणि माझी थोरली बहीण शेवंताक्का. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. त्या वर्षी भात झोडून झालं आणि तिचे पाय सुजायला लागले. मग पोट. पोटावर निळ्या शिरा उमटल्या, सुंभासारख्या जाड. वैद्यांचे काढे झाले, शेवटी होडीने खाडी ओलांडून तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर तरुण होते, मनापासून बघायचे. त्यांना लिव्हरचा संशय होता. सुईने पोटातलं पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं.

आक्का मला म्हणायची, "पाट तुंबलाय रे बापू. खालचा रक्त वर जात नाय."

मी ते डॉक्टरांना सांगितलंही. ते म्हणाले, "असेलही. पण बाहेरून कसं कळणार?"

एका सकाळी पेज घेता घेता ती गेली.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "आजार आम्हाला कळला नाही. परवानगी दिलीत तर आतून बघेन."

आई एवढंच म्हणाली, "जिती होती तवर सुया टोचल्यात. आता तरी सोडा तिला."

मलाही तेच वाटत होतं. आई आक्काच्या उशाशी जाऊन बसली आणि मी नकार कळवायला डॉक्टरांच्या खोलीकडे निघालो. व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. माझ्या पाठीवर, मणक्याच्या उजव्या बाजूला, कुणीतरी बोट दाबलं. वळून पाहिलं – कुणी नाही. आणि कानाशी आक्काचा आवाज... भाजी चिरताना बोलायची तसा, अगदी रोजचा. "हितं हाय रे. मोठ्या शिरेत. कोयीएवढा. बघूंदे त्यांना."

नाही म्हणायला गेलो होतो. तोंडातून निघालं, "बघा."

आईला मी सांगितलं, तू पुढे हो, घरी तयारी कर, मी आक्काला घेऊन येतो. ती होडीत बसली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. हात पुसत माझ्यापाशी थांबले. मग म्हणाले, "हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर असते, मणक्याच्या उजव्या अंगाला. तिच्या भिंतीतच गाठ उगवली होती. कॅन्सरची. आंब्याच्या कोयीएवढी. असं मी फक्त वाचलं होतं... आधी कळलं असतं तरी आमच्या हातात काही नव्हतं."

मी पायरीवर बसलो. व्हरांड्यातलं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

घरी आक्काला आंघोळ घालताना आईला टाके दिसले. ती ओरडली नाही. "कुणी सांगितला?" तिने विचारलं.

"मी."

त्यानंतर कित्येक वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. ती मला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

मी खूप विचार केलाय. पाट तुंबल्याचं आक्काच म्हणाली होती, ते डोक्यात राहिलं असेल. पण जागा? आणि कोय? त्याहून वाईट शंका अशी – ती खरंच बोलली, की मलाच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी मी तिचा आवाज वापरला?

आई अंथरुणाला खिळली तेव्हा एका संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, रागवेल, नाहीतर खोटं म्हणेल.

"मी तर तिच्या उशाशी होते," ती म्हणाली. "माझ्याशी का नाय बोलली ती?"