शिफारशीतला एक शब्द

सरांनी लाल पेन काढलं आणि माझ्या शिफारसपत्रातला ‘बुद्धिमान’ हा शब्द खोडला. त्यावर लिहिलं, ‘आज्ञाधारक’.

मी दाराजवळ उभी होते. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाले नाहीत.

पीएच.डी.च्या अर्जाला तीन पत्रं लागत होती. दोन मिळाली होती; तिसरं विभागप्रमुख म्हणून सरांचं हवं होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार. पत्राचा मसुदा सरांनी मलाच लिहून आणायला सांगितला होता. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला मी वर्गात पहिली. सरांच्या एका लेखातला तक्ता चुकला होता, ती चूकही मीच दाखवली होती. म्हणून तो शब्द लिहिला. लिहितानासुद्धा भीती वाटली होती.

“अहो, तुमची जागा राखीवच आहे,” सर म्हणाले. “बुद्धीचा उल्लेख कशाला? समिती हसेल.”

वाशीमहून आई सकाळीच फोनवर म्हणाली होती, “सरायच्या पाया पड, बाई. वर्ष वाया जाईन.” पाया पडायच्या तयारीनेच मी गेले होते. खोटं कशाला सांगू?

पण तो कागद माझ्या नावाने फायलीत राहणार होता. कायमचा.

“सर, खोडलेला शब्द परत लिहा.”

“नाहीतर?”

“नाहीतर पत्र नको.”

“बघा हं. मुलाखतीला मी आहेच.”

बाहेर आले. जिन्यात कठडा धरून खाली बसले. काय करून बसलो आपण? घरातली शिकलेली मी एकटी.

तिसरं पत्र तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मॅडमनी दिलं. त्यांची नेमणूक दरवर्षी सरांच्या हातात. त्याही घाबरल्या होत्या. पत्र दोनदा वाचलं, मग सही केली.

मुलाखतीत सर अगदी समोर. “विषय तुम्हीच निवडलात, की कोणी सुचवला?” बाकीचे हसले. माझा आवाज फाटला. तरी उत्तरं दिली. सगळी.

प्रवेशाच्या यादीत नाव आलं नाही. लेखी परीक्षेत मी दुसरी होते.

दोन दिवस वारजेच्या खोलीतून बाहेर पडले नाही. आईचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला. मुलाखतीचे गुण हवेत. कोणी किती दिले, कशासाठी कापले.

खिडकीवरचा माणूस हळूच म्हणाला, “मॅडम, याच विभागात शिकायचंय ना अजून?”

“हो. म्हणूनच.”

सही वाकडी आली. तशीच दिली.

उत्तर नाही आलं तर अपील करणार. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशाचा अर्ज. समोर तीच माणसं असतील, आणि मी तेव्हाही घाबरलेलीच असेन. असू दे. मला बाहेर ठेवायचं असेल तर का ठेवलं, ते आता त्यांना सहीनिशी लिहावं लागेल.